त्रिनिदादचा ‘आलू पाय’ आणि आपली करंजी

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी तपशील वाढविला आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची भाषणे होतात. राज्यघटना, धम्म, शिक्षण अशा विषयांवर ज्यांचा अधिकार आहे, अशी माणसे बोलतात आणि आपण ऐकतो. मी व्यवसायाने परिचारिका. १९७४ साली मुंबईहून मिडलँड्समध्ये आले आणि निवृत्त होईपर्यंत रुग्णांच्या खाटांमधून फिरत राहिले. कार्यकारिणीने ‘ताई, या वर्षी तुम्ही बोलाच’ असा आग्रह धरला, तेव्हा अधिकाराने बोलावे असा एकच विषय माझ्यापाशी आहे, हे ध्यानात आले. आणि तो म्हणजे एक तळलेला पदार्थ. आपण हसलात, हे बरेच झाले. पण तो पदार्थ मी प्रथम हातात घेतला, त्या रात्री माझ्या तोंडून एक प्रश्न निघून गेला होता. त्याची लाज मला आजही वाटते. त्या प्रश्नापर्यंत मला पोहोचायचे आहे. वाटेत स्वयंपाकघर लागेल, एक जहाज लागेल. थोडा धीर धरावा.

पदार्थाचे नाव ‘आलू पाय’. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर तो घरोघरी आणि रस्तोरस्ती खाल्ला जातो. १९८१ साली माझी आई काही महिन्यांसाठी येथे आली होती. तिला मी हे नाव सांगितले, तेव्हा ती गोंधळली. तिच्या कानाला ‘आलू’चा ‘अळू’ झाला होता. ‘अगं, अळूला देठ असतो, पाय कुठला?’ असे तिने विचारले आणि मी पोट धरून हसले. आलू म्हणजे उत्तर हिंदुस्थानातला आलू, अर्थात आपला बटाटा. आणि पाय म्हणजे इंग्रजांचा सारण भरलेला ‘पाय’. नावाचा एक तुकडा बिहारचा आणि दुसरा येथला. गंमत अशी, की आईचा अळूही त्या बेटावर आहेच. अळूच्या पानांना डाळीचे वाटण फासून, गुंडाळी करून, चकत्या तळून तेथे ‘सहीना’ नावाचा पदार्थ करतात. आपल्या अळुवडीची ती सख्खी बहीण समजावी.

कृती सांगते, कारण चहाच्या वेळी भगिनी विचारतीलच. दोन वाट्या मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चवीपुरते मीठ आणि लागेल तसे पाणी. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचे. मोहन घालायचे नाही. येथेच करंजीची आणि आलू पायची वाट वेगळी होते. करंजीला कडकडीत तुपाचे मोहन लागते, पीठ घट्ट लागते, कारण तिला खुसखुशीत व्हायचे असते आणि डब्यात पंधरा दिवस टिकायचे असते. आलू पायला टिकण्याची हौस नाही. तो फुगतो, मऊ राहतो आणि गरम असतानाच खाल्ला नाही, तर चिवट होतो. सारणासाठी बटाटे उकडून, गुठळी न ठेवता कुस्करायचे. त्यांत ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिरलेली तिखट मिरची आणि ‘शाडो बेनी’ची पाने. ही लांबट, कातरलेल्या कडेची पाने वासाने कोथिंबिरीसारखी असतात, पण दुप्पट उग्र. तिकडचे जुने भारतीय लोक त्यांना ‘बनधनिया’, म्हणजे रानातली कोथिंबीर, म्हणतात. ती न मिळाल्यास आपली कोथिंबीर चालते. माझ्या मैत्रिणीच्या सारणात फोडणी नसे आणि हळदही नसे, त्यामुळे बटाटेवड्याची आठवण येता येता राहून जाई. पिठाचा गोळा तळहातावर थापायचा, मध्ये सारण ठेवून दुमडायचा आणि कडा बोटांनी मिटवायच्या. करंजीसारखे कातण फिरवायचे नाही. मग हलक्या हाताने दाबून चार-पाच इंच लांब, चपटा करायचा आणि सोनेरी तळायचा. खाताना मधोमध चीर देऊन आत चण्यांची रस्सेदार उसळ आणि चिंचेची चटणी भरतात. कपडे सांभाळून खावा, एवढीच सूचना.

आता यातील एकेक जिन्नस उचलून पाहा. बेकिंग पावडर १८४३ साली आपल्या शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून. ज्याच्या नावाचे कस्टर्ड आपण मुलांना देतो, तोच हा बर्ड. जिरे हिंदुस्थानच्या वाटेने आले. शाडो बेनी हे नाव फ्रेंच आहे. राहिला बटाटा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील डोंगरांचा. पण त्याचे आपल्या तोंडी बसलेले नाव पाहा. १४९२ नंतर स्पॅनिश लोक कॅरिबियन बेटांवर उतरले, तेव्हा तेथील तायनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, पुढे बटाट्यालाही लावला आणि पोर्तुगीजांनी तो कोकणच्या किनाऱ्यावर आणला. म्हणजे कॅरिबियन बेटावरचा माणूस आज ‘आलू’ हा आपल्याकडचा शब्द वापरतो, आणि सातारा-रत्नागिरीची माझी माणसे ‘बटाटा’ हा त्याच्याकडचा शब्द वापरतात. दोघांनाही त्याचा पत्ता नाही. ज्या तायनो लोकांचा तो शब्द, ते तर परकी रोगराई आणि वेठबिगारी यांनी बहुतांशी नामशेष झाले. शब्द मात्र आपल्या चुलीवर शिजतो आहे.

आणि एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. बटाटा परदेशी, मिरची परदेशी, शेंगदाणा परदेशी, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही अमेरिकेचाच. हे चौघे समुद्र ओलांडून आले आणि महाराष्ट्रात एकादशीच्या ताटात जाऊन बसले. त्यांना कोणी गोत्र विचारले नाही, कोणी विटाळ मानला नाही. गावाच्या वेशीबाहेर शेकडो वर्षे राहिलेला माणूस मात्र त्या ताटाच्या सावलीलाही चालत नव्हता. बटाट्याचे भाग्य थोर, एवढेच म्हणते.

आता जहाज. ब्रिटिश साम्राज्यात १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ पर्यंत मुक्त झालेल्या आफ्रिकी मजुरांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरविण्यास सुरुवात केली. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ते हिंदुस्थानात मिळाले. १८३८ साली पहिली दोन जहाजे ब्रिटिश गियानाला लागली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसे करारावर नेली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेशातील आणि बिहारमधील, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली, थोडी मद्रासकडची. आपल्या कोकणातील माणसेही अशीच मुंबई बंदरातून गेली, पण ती मुख्यतः मॉरिशसला. म्हणून मॉरिशसमध्ये आजही मराठी नाव सांगणारी घरे भेटतात. कॅरिबियन भागात मराठी जवळजवळ पोहोचली नाही.

या माणसांत ब्राह्मण होते, ठाकूर होते, अहीर, कुर्मी होते, मुसलमान होते आणि आपल्यासारखे अस्पृश्य, विशेषतः चर्मकार समाजातले, मोठ्या संख्येने होते. गावी त्यांच्या विहिरी वेगळ्या आणि चुली वेगळ्या. जहाजावर चूल सामाईक. त्याच भांड्यातला भात, तीच डाळ, अनेक आठवड्यांचा प्रवास. ज्याला विटाळ मानायचा होता, त्याला उपाशी राहण्याखेरीज मार्ग नव्हता, आणि भूक ही शास्त्रीपंडितांपेक्षा वरचढ असते. त्या प्रवासातून ‘जहाजी भाई’, ‘जहाजी बहन’ अशी नवी नाती निघाली. मळ्यावर गेल्यावर पूर्वीच्या गुलामांच्याच बराकीत त्यांना कोंबले गेले. शेजारी कोण राहणार, हे मळ्याचा व्यवस्थापक ठरवी, मनुस्मृती नव्हे. मी त्या करारपद्धतीचे गोडवे गात नाही. ती गुलामगिरीची धाकटी बहीणच होती. पास खिशात नसेल, तर मजुराला मळ्याबाहेर पकडून तुरुंगात टाकत. पण जे काम आपल्या साधुसंतांच्या अभंगांना जमले नाही, ते त्या दुष्ट व्यवस्थेच्या एका कढईने अंशतः केले, हे नोंदविणे भाग आहे.

आलू पाय हा त्या कढईतला. समोसा तिकडच्या मैद्यात, तिकडच्या घाईत मऊ झाला, लांब झाला आणि रस्त्यावर आला. प्रारंभी या पदार्थांना ‘कुलींचे खाणे’ म्हणून हिणवले जाई आणि भारतीय वंशाची मुले शाळेत आपली रोटी लपवून खात. आपल्या मुलांनी येथल्या शाळांत डबे कसे लपविले, ते आठवावे म्हणजे अधिक सांगायला नको. पुढे १९३६ साली प्रिन्सेस टाउन या गावी डीन नावाच्या मुसलमान दांपत्याने दोन मऊ ‘बारा’ आणि चण्यांची उसळ असा ‘डबल्स’ नावाचा पदार्थ विकायला सुरुवात केली. ‘बारा’ म्हणजे आपल्या वड्याचा भाऊच. आज त्रिनिदादमध्ये आफ्रिकी, भारतीय, चिनी सगळे सकाळी त्याच गाडीपुढे उभे राहतात. शेजारीच आलू पाय असतो. तळणारा कोण, असे कोणी विचारत नाही. मिरची किती घालू, एवढेच तो विचारतो.

हे मी आज एवढ्या ऐटीत सांगते आहे. १९७६ साली मला यातले काहीही ठाऊक नव्हते.

तळलेला पदार्थ म्हणजे काय, हे आमच्या घरात फार उशिरा कळले. माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या महारवाड्यातली. तेल अंगाला लावायला मिळण्याची मारामार, तेथे कढईभर तेल कोण ओतणार? दिवाळीत गावातल्या मोठ्या घरांसमोर जाऊन उभे राहायचे. ओट्यावरून घरधनीण वाकायची आणि पदर पसरला, की वरून करंजी टाकायची. टाकायची, द्यायची नाही. बोटाला बोट लागता कामा नये. आजी म्हणे, की वरून पडलेली करंजी नेहमी फुटायची, म्हणून अखंड करंजी कशी असते, हे तिने लग्नानंतर, मुंबईला आल्यावर पाहिले. ज्या महार वतनाच्या नावाखाली ही भाकरतुकड्याची लाचारी चालत होती, ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी किती वर्षे झुंज दिली, ते आपण जाणता. कायद्याने ते १९५८ साली संपविले. माझ्या आईने वरळीच्या चाळीत स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा करंज्या तळल्या, तेव्हा आजीने त्यांतली एक हातात घेतली आणि बराच वेळ खाल्लीच नाही.

त्याच करंज्या मी येथे रुग्णालयात नेत असे. एक भारतीय सहकारी भगिनी, नाव आणि प्रांत सांगत नाही, त्या मोठ्या आवडीने खात. एक दिवस त्यांनी माझे माहेरचे आडनाव विचारले, मग गाव, मग ‘म्हणजे कुणांपैकी?’ मी खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना आम्लपित्त झाले. पुढची दोन वर्षे ते आम्लपित्त फक्त माझ्या डब्यापुरते राहिले. येथे २०१३ साली संसदेने समतेच्या कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले आणि २०१८ साली सरकारने तसे न करण्याचे जाहीर केले. त्या वादात दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली. प्रत्येक वेळी मला ते आम्लपित्त आठवे. ते कोणत्या कलमात बसविणार?

तर १९७६ ची हिवाळ्यातली एक रात्रपाळी. रात्रपाळीची भूक वेगळी असते. बाबासाहेब लंडनला १० किंग हेन्रीज रोडवर राहत असताना घरमालकिणीच्या तुटपुंज्या जेवणावर दिवस काढीत आणि रात्री भूक अनावर झाली, की एका परिचिताने दिलेले पापड आणि कपभर दूध यांवर भागवीत, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. २०१५ पासून ते घर स्मारक म्हणून उभे आहे आणि आपण सहली काढून तेथे जातो; मला मात्र तेथे गेल्यावर प्रथम ते पापड आठवतात. त्या रात्री माझ्याबरोबर एक त्रिनिदादची परिचारिका होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, ठसठशीत आवाजाची. नाव इंग्रजी, आडनाव मात्र आपल्याकडचे वाटावे असे. तिने कागदात गुंडाळलेला गरम पदार्थ माझ्या तळहातावर ठेवला. ठेवला, हे लक्षात घ्यावे. तिची बोटे माझ्या हाताला लागली. मी तो तोंडाकडे नेला आणि मध्येच थांबले. माझ्या तोंडून प्रश्न निघाला, ‘तुम्ही मूळच्या कोण?’

ती म्हणाली, ‘सॅन फर्नांडोची.’

मी म्हणाले, ‘तसे नव्हे. म्हणजे तुमची जात?’

बंधू-भगिनींनो, ज्या प्रश्नाने माझ्या आजीची करंजी फुटली आणि माझा डबा बंद पडला, तोच प्रश्न मी, बाबासाहेबांची लेक म्हणविणारी, घास हातात धरून दुसऱ्या एका स्त्रीला विचारला होता. का विचारला? ती ‘वरची’ निघाली, तर माझे कळल्यावर ती दूर होईल, अशी भीती होती. भीती खरी होती, पण ते समर्थन नव्हे. तिने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, ‘आजी म्हणायची, आपण जहाजी. आता खा, गार होईल.’

तिची आणि माझी मैत्री त्या रात्रीपासून ती जाईपर्यंत टिकली. आलू पाय करायला तिनेच शिकविले. मी तिला करंजी शिकविली. तिने सारणात नारळाबरोबर जायफळ भरपूर घातले आणि ती माझ्यापेक्षा बरी झाली, हे कबूल केले पाहिजे.

१९९८ साली ती एक कागद घेऊन माझ्या घरी आली. तिच्या पुतण्याने त्रिनिदादच्या अभिलेखागारातून आजीच्या ‘एमिग्रेशन पास’ची नक्कल मिळविली होती. कलकत्त्याला जहाजावर चढविण्यापूर्वी प्रत्येक मजुराचा असा पास भरला जाई: नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, गाव. आणि एक रकाना जातीचा. जिल्हा बस्ती होता. जातीच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘चमार’ असे लिहिले होते. तो शब्द मी येथे उच्चारते, कारण कागदावर तोच होता. तिने त्यावर बोट ठेवून मला विचारले, ‘हे काय आहे? गावाचे नाव?’

मला ते समजावून सांगण्यास अर्धा तास लागला. गावाबाहेरची वस्ती, मेलेली जनावरे, विहीर, देऊळ, सावली. तिने सगळे ऐकून घेतले. साठीला आलेली ती बाई, शुश्रूषेच्या कामात जिने हजारो देह हाताळले, तिला ‘शिवायचे नाही’ म्हणजे नेमके काय, हेच उमगत नव्हते. तिने विचारले, ‘आणि तू?’ मी म्हणाले, ‘महार.’ इंग्लंडमध्ये चोवीस वर्षे काढल्यावर हा शब्द घराबाहेरच्या माणसापाशी न घाबरता उच्चारण्याची ती माझी पहिली वेळ. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, ‘म्हणजे त्या रात्री तू विचारलेस, त्याचे उत्तर हे होते तर!’ मग आम्ही दोघी हसलो. मी त्यानंतर थोडी रडलेही.

आता कोणी म्हणेल, झाले तर! त्रिनिदादमध्ये जात मेली, आलू पायने मारली. तसे असते, तर बाबासाहेबांना ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहावेच लागले नसते. योगायोग असा, की ते भाषण त्यांनी १९३६ सालीच छापले, डबल्सचे जे साल तेच. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने परिषद रद्द केली आणि न झालेले भाषण पुस्तक होऊन अमर झाले. त्यात त्यांनी सहभोजनाची मर्यादा स्पष्ट दाखविली आहे. ज्या जातींत आपसांत रोटीव्यवहार चालतो, त्यांतही जात जिवंतच आहे, म्हणून खरा उपाय बेटीव्यवहार. आणि त्याच्याही मुळाशी, ज्या शास्त्रांमुळे माणूस जात पवित्र मानतो, त्या शास्त्रांचे प्रामाण्य नष्ट करणे, असा त्यांचा सिद्धांत. महाराष्ट्रात समतानंद गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने घडविली. हेतू चांगला होता, माणसे प्रामाणिक होती. झुणका पचला. जातही टिकली.

त्रिनिदादकडे या चष्म्यातून पाहावे. रोटीव्यवहार जहाजावरच सुरू झाला, पण पौरोहित्य दीर्घकाळ ब्राह्मणांच्याच हाती राहिले. विवाहात जात पाहणे कित्येक दशके चालले. नायपॉल यांच्या १९६१ सालच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीत दरिद्री नायकाला श्रीमंत घरात जावई करून घेतात, ते त्याच्या ब्राह्मण जन्मामुळे. हळूहळू भारतीयांतली ही जातीची भिंत खरोखरच खचली. पण तिच्या विटा वाया गेल्या नाहीत. भारतीय आणि आफ्रिकी यांच्यामध्ये रंगाची भिंत उभी राहिली. अशा मिश्र विवाहातून झालेल्या मुलाला तेथे ‘डूग्ला’ म्हणतात. हा भोजपुरीतला ‘दोगला’, म्हणजे शिवीच. आता पुष्कळजण तो शब्द अभिमानाने मिरवितात, पण प्रारंभ शिवीने झाला. आफ्रिकी शेजाऱ्याच्या हातचा आलू पाय चालत होता. त्याचा मुलगा चालत नव्हता.

हे त्रिनिदादचे झाले. आपले काय?

२०११ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने सांगितले, की तिला एका मुलाशी लग्न करायचे आहे. मुलगा अभियंता, शांत, सुस्वभावी. आईवडील त्रिनिदादचे, वंशाने आफ्रिकी. माझी बहीण आपल्या या संघटनेची जुनी सभासद. दर १४ एप्रिलला तिच्या घरी पन्नास माणसे जेवतात आणि जातिअंतावर तिच्याइतके तडफेने बोलणारे थोडे. तिने मला रात्री अकरा वाजता फोन केला. ‘ताई, मी काही जुन्या विचारांची नाही. पण गावाकडे काय सांगू? आणि मुले कशी दिसतील?’ मी तिला रागावले नाही. सॅन फर्नांडोची ती रात्र मला आठवत होती. मी एवढेच विचारले, ‘तो तुझ्या घरी आला, तर त्याच्या ताटात वाढशील ना?’ ती म्हणाली, ‘म्हणजे काय! वाढलेच आहे की, कितीदा तरी.’ मग ती गप्प झाली. बराच वेळ फोनवर कोणीच बोलले नाही. बाबासाहेबांचे ते पान तिच्या कपाटात होते आणि माझ्याही.

लग्न व्हायला वर्ष लागले. मधल्या काळात आमच्या घरात जे बोलले गेले, ते सगळे येथे सांगण्यासारखे नाही. त्यांतले काही मीही बोलले. मुलाकडच्यांनाही शंका होत्याच. भारतीय लोक आपल्याला काय समजतात, हे त्यांना त्रिनिदादपासून ठाऊक होते, आणि त्याच्या आजीने तर स्पष्ट विचारले होते, की ही माणसे आपल्या घरी पाणी तरी पितील का. तो प्रश्न ऐकून माझी बहीण पहिल्यांदा खरी हादरली. हा प्रश्न आपल्यालाही कोणी विचारू शकते, असे तिला कधी वाटलेच नव्हते.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये नगरपालिकेच्या सभागृहात लग्न झाले. त्रिशरण-पंचशील झाले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्याकडच्या एका काकांनी बायबलमधला उतारा वाचला. जेवणात आमच्या बाजूने करंज्या होत्या आणि त्यांच्या बाजूने आलू पाय. नवऱ्या मुलाच्या आजीने, वय वर्षे एक्याऐंशी, ते तळण्याचे काम कोणाच्या हाती दिले नव्हते. सभागृहामागच्या छोट्या स्वयंपाकघरात ती स्वतः उभी होती. माझी मैत्रीण त्याआधी दोन वर्षे गेली, त्यामुळे हे तिला पाहता आले नाही.

मी पाणी आणायला आत गेले, तेव्हा माझी बहीण पैठणीचा पदर कमरेला खोचून त्या आजीशेजारी उभी होती. हाताला पीठ लागलेले. आजींनी तळणीतून एक पाय काढला, कागदावर निथळला आणि तिच्या तळहातावर ठेवला. ती तो फुंकरीत, तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारत होती, की पीठ भिजवून किती वेळ झाकून ठेवायचे.

जयभीम.